सोमवारचं वजन

माझ्या आईला माझ्या संशोधनातली एकच गोष्ट कळली होती, ती म्हणजे वास. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत कधी सुका बोंबील आला नाही, आणि लेक मात्र गॅलरीत बादलीभर खाडी आणून ठेवायची. "अगं, निदान झाकण तरी लाव," आई म्हणायची. मी झाकण लावत नसे, कारण आत शेवाळ होतं आणि त्याला उजेड लागायचा. हे मी तिला तीन-चारदा समजावलं. पुढच्या वेळी ती झाकण लावूनच मोकळी झाली आणि माझं आठवड्याचं काम कुजलं. त्यावरून मी जे भांडले ते शेजाऱ्यांच्या अजून लक्षात असेल. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आणि जगात मला कळतं तेवढं कुणाला कळत नाही अशी माझी खात्री होती.

नव्वदीची सुरुवात होती. ठाण्याच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, पण नोकरी कच्ची होती. दर जूनमध्ये नवीन पत्र यायचं, किंवा यायचं नाही. एम.फिल. झालं तर पक्कं होण्याची आशा होती. माझा विषय होता खाडीतलं शेवाळ. शेवाळ म्हटलं की लोकांना न्हाणीघरातलं निसरडं आठवतं. हे वेगळं. हिरवंगार, केसांसारखं लांब, आतून पोकळ, आणि भयंकर अधाशी. मत्स्यशेतीच्या तळ्यात मासळीची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांनी पाणी नासतं. ती घाण म्हणजे शेवाळाचं खत. शेवाळ ती खाऊन वाढतं आणि पाणी स्वच्छ होतं. फक्त वाढलेलं शेवाळ वेळेवर कापून बाहेर काढावं लागतं. नाही काढलं तर ते तिथेच मरतं, कुजतं, आणि खाल्लेलं सगळं दामदुपटीने पाण्याला परत करतं. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवत असे, खाली रेघ मारून.

प्रयोगाला तळं हवं होतं. ते मला कोपरीच्या पुढे, खाडीकाठच्या एका कोळीवस्तीत मिळालं, आणि तळ्याबरोबर मावशी मिळाली. मावशी पन्नाशीची, नवरा नसलेली, कमरेला पदर खोचून सतत कुठेतरी निघालेली. वस्तीच्या मालकीचं एक जुनं मिठागर ओस पडलं होतं. त्यातल्या एका मोठ्या खणात तिने आणि आणखी चौघींनी बोय नावाची मासळी वाढवायला घेतली होती. कोंडा, पेंड, सुक्या मासळीचा कुटा असं खाद्य घालायचं. भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी फळ्यांच्या दारातून, पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. अडचण त्या सोडलेल्या पाण्याची होती. उघाडीच्या तोंडाशी मोठा चिखलपट्टा होता. वस्तीतल्या साऱ्या बायका ओहोटीला तिथे उतरून निवटे धरायच्या आणि खुबे वेचायच्या. निवटे म्हणजे चिखलावर उड्या मारणारी चिमुकली मासळी, आणि खुबे शिंपल्यातले. होडी नसलेल्या घरात संध्याकाळचं कालवण त्याच चिखलातून यायचं. मावशीच्या तळ्याचं पाणी सुटायला लागल्यापासून चिखल काळा पडतोय, अशी ओरड झाली होती.

खरं तर खाडीत वरच्या अंगाच्या कारखान्यांचं पाणी रोज येतच होतं, कधी पिवळं, कधी तांबूस. पण कारखान्याला कोण विचारणार? मावशीला विचारता येत होतं. गावकी बसली आणि ठरलं की पावसाळ्यापर्यंत बघायचं. तोवर चिखल सुधारला तर तळं पाची जणींचं. नासला तर बांध फोडायचा आणि मिठागर खाडीला परत.

मी मावशीकडे गेले ती याच वेळी. "पानी साफ करनारा गवत?" तिने विचारलं. मी हो म्हटल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चौघींना म्हणाली, "बाय शिकलेली हाय. करून बगू." आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं मला वाटलं. मला तळं मिळालं होतं, आणि वर फुकट काम करणारी माणसं. त्यांना काय मिळायचं होतं आणि काय जायचं होतं याचा विचार मी नंतर केला, तोही सवडीने.

तळ्याला लागून एक लहान खण होता. तळ्याचं पाणी आधी त्यात आणायचं, शेवाळातून फिरवायचं आणि मग खाडीत सोडायचं, अशी माझी योजना. दोन्ही खणांमध्ये बांधाला एक खाच होती. शेवाळ बांधायला मी पुस्तकात बघून दोऱ्या आणल्या होत्या. मावशीने त्या हातात घेऊन बाजूला ठेवल्या. घरातून फाटकी जाळी आणली, बांबूंना ताणून बांधली आणि जाळीच्या डोळ्याडोळ्यात शेवाळाचे झुबके अडकवले. माझ्या दोऱ्यांपेक्षा ते कितीतरी बरं झालं. मी वहीत त्याला 'सुधारित मांडणी' असं नाव दिलं. कुणी सुधारली ते लिहायचं राहिलं.

डिसेंबरात सुरुवात केली आणि जानेवारीत पाण्याचा रंग बदलला. बाटलीत धरलं तर पलीकडचं बोट दिसायचं. फेब्रुवारीत चिखलावरच्या बायका आपणहून सांगू लागल्या की वास कमी झालाय, निवटे परत दिसतायत. मावशीने मला घरी नेऊन चहा पाजला. माझ्या चहासाठी चूल निराळी पेटवलेली, कप निराळा घासून घेतलेला. "तुमी मासली खात नाय ना, म्हून," ती म्हणाली. मला तेव्हा खरोखर आनंद झाला होता. आजही त्या दिवसांबद्दल मला दुसरं काही सांगायचं नाही. आम्ही काम चांगलं करत होतो.

कापणीचा दिवस मी ठरवला होता, दर दुसरा सोमवार. सोमवारी मला तास नसत. त्या दिवशी सगळं शेवाळ कापायचं, निथळायचं, ताणकाट्यावर वजन करायचं, जाळीला थोडं बी ठेवायचं आणि बाकीचं बांधाबाहेर टाकायचं. माझे मार्गदर्शक वयस्क, शिस्तीचे, बोलणं पुणेरी. ते म्हणाले होते, "हे पाहा, मालिकेत खंड नको. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. एक वजन चुकलं तर मागची सगळी वाया गेली असं समजा." मी तसंच समजले. घरच्या जुन्या आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर मी पुढच्या सहा महिन्यांचे सोमवार लाल शाईने गोल करून ठेवले.

मावशीचं घड्याळ निराळं होतं. ती वार कधी बोलायची नाही, तिथी बोलायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येते, ते उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भरती मरगळते, तो भांग. भांगात पाणी धड आत येत नाही की धड बाहेर जात नाही. कोळ्यांची सगळी कामं यावर चालतात. सुरुवातीला माझे सोमवार उधाणाच्या जवळ पडत होते, त्यामुळे आमचं छान जमलं. पण तिथींचा पंधरवडा चौदा दिवसांहून थोडा मोठा असतो. दर खेपेला माझा सोमवार उधाणापासून मागे, भांगाकडे सरकत होता, आणि ते माझ्या गावीही नव्हतं. मार्चमध्ये मावशी एकदा म्हणाली, "बाय, या खेपेला दोन दिस आधी कापला असता तर बरा झाला असता." मी हसून सोडून दिलं. माझ्या लेखी तिथी म्हणजे आईचे उपास. एकादशीला साबुदाणा, चतुर्थीला चंद्राची वाट बघणं. त्या सगळ्यातून मी मोठ्या कष्टाने बाहेर पडले होते, तर ही बाई मला परत पंचांग दाखवत होती.

एप्रिलमधला तो गुरुवार. स्टाफरूमच्या दाराशी शिपाई आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कोणी कोळीण भेटायला आलीये." त्याने ते ज्या सुरात म्हटलं त्यावर दोघं-तिघं हसले. मावशी बाहेर पायरीवर उभी होती. कासोट्याचं लुगडं, हातात रिकामी पाटी. बाजार आटपून उन्हातून चालत आली होती. मला लाज वाटली. तिची नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. पण तिचीच वाटली होती.

"बाय, शेवाल लय वाढला हाय. जाली दिसत नाय. आज सष्ट. उद्यापासून भांग. पानी हलाचा नाय, ऊन हा असा. आजच कापू का?"

"सोमवारी वजन आहे, मावशी. तोपर्यंत हात लावू नका."

"सोमवारी दशमी. तवर नाय टिकाचा."

मी मागे वळून पाहिलं. स्टाफरूममधली माणसं ऐकत होती. मी म्हणाले, "मावशी, शेवाळाला पंचांग कळत नाही."

आत हशा पिकला. मला माझं वाक्य आवडलं, इतकं की घरी जाऊन मी ते धाकट्या भावाला ऐकवलं. मावशी हसली नाही. "बरा," म्हणाली, पाटी काखेत मारली आणि निघाली. ती काही माझी नोकर नव्हती. घरी जाऊन खुशाल कापू शकली असती. पण बाय शिकलेली होती, आणि बायने हात लावू नका म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी मी ताणकाटा घेऊन पोचले. बांधावर पाऊल टाकायच्या आधीच वास आला. आई ज्याला वास म्हणायची तो हा नव्हे, सडलेल्या अंड्याचा वास. लहान खणातलं शेवाळ पांढुरकं पडून पाण्यावर गोधडीसारखं पसरलं होतं आणि खालचं पाणी काळं होतं. मोठ्या तळ्यात बोयी पोट वर करून तरंगत होत्या. चौघींपैकी एक बांधावर बसून होती. तिने जेवढं घडलं तेवढं सांगितलं. शनिवारपासून पाणी जागचं हललं नव्हतं, आणि कुजलेल्या शेवाळाची घाण खाचेतून मागे तळ्यात पसरली होती. रविवारी दिवस उजाडता मासळी वर येऊन तोंडं उघडायला लागली. मावशी शनिवारी बहिणीच्या मुलीच्या हळदीला गेली होती, ती तशीच धावत आली. उरलीसुरली मासळी वाचवायला घाण पाणी काढणं भाग होतं, म्हणून तिने स्वतःच्या हाताने उघाडीच्या फळ्या उचलल्या. काळं पाणी ओहोटीबरोबर चिखलावर गेलं. तिथे बायका उतरलेल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत निवटे बिळांतून बाहेर येऊन आडवे पडले.

मी ताणकाटा पिशवीतून काढलाच नाही. चिखलावर गेले. खुबे तोंडं उघडून पडले होते, शेकडो. एका म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि टोपली उलटी करून तिच्यावर बसली.

त्या संध्याकाळी घरी मी कॅलेंडरसमोर उभी राहिले; मागच्या वर्षाचंही आईने त्याच्याच खाली ठेवलेलं होतं. माझ्या प्रत्येक लाल गोलात, तारखेच्या खाली, बारीक अक्षरात तिथी छापलेली होती. डिसेंबरात द्वितीया, मग प्रतिपदा, मग अमावास्या, मग चतुर्दशी, आणि सरकत सरकत एप्रिलमध्ये दशमी. सगळं तिथेच होतं, चार महिने, स्वयंपाकघराच्या दारामागे. आईला ते रोज वाचता येत होतं. एम.एस्सी. झालेल्या मला आलं नाही.

दोन दिवसांनी गावकी बसली, देवळापुढच्या ओट्यावर. मलाही बोलावलं होतं. सगळे खाली सतरंजीवर आणि मला एक खुर्ची. गावकीचे म्हातारे पंच शांत माणूस होते. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "शेवाल कापला नाय तर सडतो, हा तुमाला म्हायत होता. मग कापला का नाय?"

प्रश्न मावशीला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. मला उत्तर ठाऊक होतं. मला फक्त उभं राहून म्हणायचं होतं, मी सांगितलं म्हणून. पण मला जूनचं पत्र दिसत होतं, मार्गदर्शक दिसत होते, कॉलेजपर्यंत तक्रार गेली तर काय, हे दिसत होतं. मी खुर्चीत बसून राहिले, मूग गिळून.

"माज्या बहिनीच्या पोरीची हलद होती," मावशी म्हणाली. "त्या गडबडीत माजे ध्यानात नाय रायला."

हळदीला ती गेलेली सगळ्यांनी पाहिली होती. गुरुवारी ती माझ्याकडे आली होती हे तिने चौघींनाही सांगितलं नसावं; कुणालाच शंका आली नाही. बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "पोरांच्या तोंडातला घास घालवला, न् ही हलदीत नाचत होती." मावशीने मान खाली घातली. आणि मला काय वाटलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवावं तसं.

पंचांनी निकाल दिला. बांध फोडायचा. आणि ज्याच्या हातून नासलं, पहिला घाव त्याच्या हातचा. चिखल सुधारेपर्यंत मावशीने त्यावर उतरायचं नाही. बाकी चौघींना माफी.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मावशीने कुदळ घेतली. दोन वर्षं तिने आणि चौघींनी चिखल वाहून तो बांध उंच केला होता. तिने पहिला घाव घातला, मग दुसरा. पंच म्हणाले, "बस, आता आमी करतो." ती थांबली नाही. कुदळ पाण्याला लागेपर्यंत ती खणत राहिली. मी बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभी होते आणि माझ्या हातात पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या होत्या. का आणल्या होत्या कोण जाणे.

परत जाताना मी तिला गाठलं. म्हटलं, "मावशी, तुम्ही असं का सांगितलंत?" ताकाला जाऊन भांडं लपवणं दुसरं काय असतं? मला माफी मागायची होती आणि मी विचारत होते प्रश्न.

"तुमची नोकरी कच्ची हाय ना," ती म्हणाली, आणि चिखलाचे पाय धुवायला नळाकडे वळली.

प्रबंधात त्या दुर्घटनेबद्दल एक वाक्य घालणं भाग होतं. मार्गदर्शकांनी ते तोंडी सांगितलं आणि मी टाइप केलं. स्थानिक सहकाऱ्यांकडून कापणी वेळेवर न झाल्याने शेवटचं निरीक्षण उपलब्ध नाही, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. गुरुवारची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. त्यांनी विचारलीही नाही. एम.फिल. झालं. पुढच्या वर्षी मी पक्की झाले. आईने पेढे वाटले.

वस्तीकडे मी पुन्हा गेले नाही. जायचं ठरवत असे, अगदी मनापासून, दिवाळीच्या सुट्टीत, मग मेच्या सुट्टीत. माणूस स्वतःला किती मुदती देऊ शकतो हे त्या काळात मला कळलं. असं करत चार-पाच वर्षं गेली.

मग एकदा डोंबिवलीच्या बाजारात भाजी घेऊन निघाले होते. मासळीवाल्यांच्या रांगेवरून आम्ही नेहमी नाकाला पदर लावून पुढे जातो. तशीच जात होते, तर हाक आली, "बाय!" मावशी होती. केस पांढरे झालेले, समोर पाटीत बोंबील आणि मांदेली. शेजारी नवी कोरी सून. मला बघून मावशीचा चेहरा असा उजळला की पळून जावंसं वाटलं.

"आई, ह्याच त्या शेवालवाल्या मॅडम?" सुनेने विचारलं.

"हां, ह्याच. किती छान गवत लावला होता यांनी. माजेच हातून नासला."

तिने ते सहज म्हटलं. वस्तीत गेली पाच वर्षं सांगितली जाणारी गोष्ट असणार ती, सुनेलाही पाठ झालेली. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासूबद्दल हे आधी कळलं असणार. आणि आता मला ते ऐकवेना.

"नाही," मी म्हणाले. भर बाजारात, भाजीची पिशवी हातात. "यांनी मला चार दिवस आधी येऊन सांगितलं होतं. मीच कापू नका म्हटलं. चूक माझी होती. सगळी माझी."

सून गोंधळली. सासूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग छान हसली. "मॅडमचा मन किती मोठा हाय," ती म्हणाली. "एवड्या शिकलेल्या, न् सगळा आपल्यावर घेतात."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. पण आणखी बोलले असते तर आणखीच मोठ्या मनाची ठरले असते. मी मावशीकडे पाहिलं. ती पाटीतल्या मांदेल्यांवर पाणी शिंपडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तवा बोलाचा होता, बाय," ती हळूच म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला लागली.